बाईंचं जादा ताट

गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं बाईंच्या घरी जेवायला गेलो आणि मी उगाच मदतीला धावलो. माणसं तीन, ताटं चार. चौथं उचलून मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. बाईंनी ते परत आणून मांडलं.

"न सांगता कुणी आलं तर," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे या दिवशी एक जागा ठेवतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कसं, ते संसारी वाचकांना सांगायला नको.

बाई पोलंडच्या, इथे आखातात आमच्या सित्र्याच्या प्लांटवर सेफ्टी ऑफिसर. रोज सकाळी सातला गेटवर मला विचारायच्या, "जेवलास काय?" वेळ चुकीची, मराठी अस्सल कोल्हापुरी. महायुद्धात त्यांच्या आजीला लहानपणीच घरच्यांसह सैबेरियाला हाकललं होतं. तिथून इराणमार्गे ती कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आली. तिथलं एवढंच वाक्य नातीपर्यंत पोचलं.

"आमचा देश शंभरावर वर्षं नकाशावर नव्हता," बाई सांगायच्या. "तरी ताट मांडायचं कुणी सोडलं नाही. पणजीने सैबेरियातही मांडलं. वाढायला काही नव्हतं." मग माझा खांदा थोपटून म्हणायच्या, "तुम्ही कोल्हापूरकरांनी जागा दिलीत."

मी मान डोलवायचो. जणू छावणीचे पत्रे मीच ठोकले होते.

यंदा भर उन्हाळ्यात, दुपारी कायद्याने काम बंद ठेवायच्या वेळेतच मॅनेजरने टाकीवर माणसं चढवली. बाईंनी सगळ्यांना खाली उतरवलं. "खलास. ऊन उतरल्यावर."

मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "आणखी कुणाला असं वाटतं?"

मला वाटत होतं. मी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते पार विरघळेपर्यंत कपातच पाहत बसलो.

बाईंची नोकरी गेली, त्याबरोबर बुसैतीनचा कंपनीचा फ्लॅटही. त्यांचा फोन आला, "विमान मिळेपर्यंत तुझ्याकडे राहू?"

आम्ही रिफ्यात राहतो, मॅनेजरही आमच्याच इमारतीत. "पुण्याहून पाहुणे येतायत," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "बरं. जेवलास काय?"

बाई हॉटेलात राहिल्या. जायच्या दिवशी निरोपाचा फोन त्यांनी बायकोला केला आणि आमचे पाहुणे सुखरूप पोचले का, तेही विचारलं. बायकोने एवढं मला सांगितलं आणि ती पीठ मळायला लागली.

संध्याकाळी जेवायला बसलो, तर माणसं दोन, ताटं तीन. या वेळी मी हात लावला नाही.

"तुमच्या पुण्याच्या पाहुण्यांचं आहे," बायको भाकरी वाढत म्हणाली. "अजून वाटेतच असतील ना?"