साडूभाऊ आणि ताटातली अंडी

औंढ्यापासून जवळा बाजारापर्यंत ज्याचं म्हणून लग्न झालं आहे, त्या प्रत्येकाला आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात एकदा तरी 'जरा मान वर' असं सुनावलेलं आहे. माझ्या मेहुणीचे हे यजमान लग्नांचं शूटिंग करतात आणि उजेडाच्या बाबतीत अतिशय हट्टी आहेत. अंधारात उभा असलेला माणूस त्यांना बघवतच नाही. एकदा मयतीला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी 'भिंतीपासून सरका, तिथं सावली हाय' म्हणून भर उन्हात आणून उभं केलं होतं, आणि त्या दिवशी कॅमेरा घरीच होता! पाहुणे बिचारे सरकलेसुद्धा. त्यांच्या आवाजात काय आहे कोण जाणे, माणूस आधी सरकतो आणि मग 'काहून?' विचारतो.

असा सरळ धंद्याचा माणूस मधेच एका भलत्या नादाला लागला. खिशाला लावायचा पेनाएवढा कॅमेरा कुठून तरी मागवला आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी काय चालतं ते गुपचूप टिपत हिंडायला लागला. मी कारकून माणूस. साहेबाची गाडी दिसली की माझी पाठ आपोआप वाकते. मी म्हटलं, "साडूभाऊ, कशाला ही भानगड? लग्नं काय कमी पडून राहिलीत?"

"लग्नातल्या पंगती मी रोजच काढतो, भाऊ," ते म्हणाले. "पण मी वसतिगृहात वाढलेलं लेकरू हाय. तिथं ताटात काय पडतं, ते कुणी काढतच न्हाई."

मी कप्पाळाला हात लावला.

पहिली मोहीम सरकारी दवाखान्याची. डॉक्टर येतच नाहीत अशी तक्रार होती. साडूभाऊंनी पेन मेथीच्या पिशवीत लपवलं आणि सकाळभर पायरीवर बसून राहिले. घरी येऊन पाहतात तर नुसती मेथी! अधूनमधून जरा कुलूप दिसत होतं, तेवढ्यावर त्यांनी फिल्म केली. हाताला सवय लग्नाची. त्यामुळे मागे सनई वाजतेय आणि दवाखान्याच्या बंद कुलपावर हळूहळू गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत, असा एकूण थाट झाला. मेहुणी हसून हसून खाली बसली. साडूभाऊ मात्र गंभीरपणे म्हणाले, "कुलूप बराबर फोकसमधी आलंय."

पण वसतिगृहाची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. अनुदानावर चालणारं ते मुलींचं वसतिगृह. तपासणीला साहेब येणार म्हणून अधीक्षकांनी साडूभाऊंनाच शूटिंगला बोलावलं. प्रत्येक ताटात दोन उकडलेली अंडी, पोरी ओळीनं बसलेल्या, साहेब खूश. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली तसा साडूभाऊंनी मोठा कॅमेरा पिशवीत घातला. खिशातलं पेन चालूच होतं. अधीक्षक स्वतः पातेलं घेऊन ओळीतून फिरायला लागले आणि ताटाताटातली अंडी उचलून परत पातेल्यात टाकायला लागले. एकही पोरगी हूं की चूं करेना. उरला तो पिवळ्या पाण्यासारखा वरणभात.

आता गुपचूप टिपणाऱ्या माणसानं गप्प बसावं की नाही? पण अधीक्षक होते खिडकीकडं पाठ करून. तोंडावर काळोख. साडूभाऊंना ते सोसेना. "सर, जरा अलीकडं सरका," ते बोलून गेले. "तोंडावर सावली येऊन राहिली."

आणि अधीक्षक सरकले! नुसते सरकले नाहीत, कॉलर नीट केली, पातेलं पोटाशी धरलं आणि सवयीनं हसले. मग दचकून म्हणाले, "काहून हो? कॅमेरा तर आत ठेवला तुमी."

"तसं न्हाई सर, तुमी उजेडात बरे दिसता," असं म्हणून साडूभाऊंनी जो काढता पाय घेतला, तो थेट माझ्या घरी. घामानं शर्ट भिजलेला.

ती फिल्म घराघरातल्या मोबाइलवर पोचली. या वेळी सनई नव्हती. मेहुणीनं तशी शपथच घातली होती. चौकशीत अधीक्षकांना 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय राहिली नाही, इतका चेहरा स्वच्छ आला होता. ते गेले, त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. पण साडूभाऊंची लग्नाची कामंही गेली. कोण बोलावणार अशा माणसाला? एका मुलीच्या बापानं तर तोंडावर सांगितलं, "या, पण पेन घरी ठेवून या." मेहुणी माझ्याजवळ रडली. "दाजी, चांगलं केलं म्हणतेत समदे, पण दारात एक जण येऊन न्हाई राहिला." साडूभाऊंना मात्र एवढंच बघायचं होतं, की पोरींच्या पोटात आता अंडी जातात की नाही.

म्हणून नव्या बाईंनी बोलावलं तेव्हा ते लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मीही गेलो. पोरी ओळीनं बसलेल्या, ताटात अंडी, वरण चांगलं दाट. साडूभाऊंनी मोठा कॅमेरा खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "हं, जेवा आता."

एकही हात ताटाकडे गेला नाही. पोरी कॅमेऱ्याकडे बघून शहाण्यासारख्या हसत होत्या. पुढच्या एका पोरीनं तर ताट दोन्ही हातांनी त्यांच्याकडे सरकवलं.

"काहून गं माय? जेवून का न्हाई राहिलीस?"

"आधी फोटू होऊ द्या," ती म्हणाली. "मंग अंडे परत न्यायचे असतेत ना?"

साडूभाऊंनी कॅमेरा खाली घेतला, बंद केला, पिशवीत घातला. खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. पोरी तरीही वाट बघत होत्या. तेव्हा पिशवी उचलून ते मला घेऊन बाहेर आले आणि मागे दार लोटून घेतलं. जरा वेळानं आतून ताटांचा आवाज यायला लागला, मग पोरींचा गलका. आयुष्यभर लोकांच्या पंगती काढलेला हा माणूस त्या एका पंगतीकडे पाठ करून उभा होता. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि इतकं वाईटही.

"भाऊ," चपलेत पाय घालता घालता ते म्हणाले, "आत उजेड लय चांगला होता."