नालवाडीत मोजून केलेला समुद्र

शोभाचा फोन आला तेव्हा मी केळझरला एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी पोह्यांची बशी हातात घेऊन बसलो होतो. शोभा माझी धाकटी बहीण. "दादा, हे गेले," एवढंच म्हणाली. सकाळी आंघोळ करून बसले, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेवढ्यात तीच पुन्हा म्हणाली, "येताना आरोच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन येजो. साधंच पाणी. पेटीतलं पाणी खाली गेलं आहे." म्हटलं, पोरीचं डोकं फिरलं... नवरा जाऊन तास झाला नाही आणि ही पाण्याचे कॅन मागते! पण आणले. मयतीच्या घरात मी दोन हातांत दोन कॅन घेऊन शिरलो, तेव्हा जमलेले लोक माझ्याकडे पाहतच राहिले. शोभा उठली, एक कॅन ओढत हॉलच्या कोपऱ्यात घेऊन गेली आणि तांब्या तांब्याने पाणी ओतू लागली.

त्या कोपऱ्यात शोभाच्या नवऱ्याचा, दिनकररावांचा समुद्र आहे. चार फुटांची काचेची टाकी, शोभाच्या भाषेत पेटी, तिच्यात खारं पाणी, दोन-चार मासे आणि प्रवाळ. हो, प्रवाळ, वर्ध्यात! आमचे जवाईबापू आयुष्यभर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापक आले नि गेले, पण कोणत्या कपाटात कोणती बाटली आहे आणि कोणतं द्रावण किती थेंबांनी बिघडतं, हे दिनकररावांनाच ठाऊक. निवृत्त झाल्यावर लेकीकडे पुण्याला गेले होते, तिथे एका दुकानात निळ्या दिव्याखाली उमललेलं प्रवाळ पाहिलं आणि तासभर तिथून हललेच नाहीत. आल्यावर मला म्हणाले, "दादा, थो दगड नोय अन् झाडबी नोय. जनावर आहे. आपल्या घरी ठेवतो." मी हसून हसून बेजार. म्हटलं, किराण्यातून मिठाचं पोतं आणून देऊ का? मी शाळामास्तर, टिंगल करणं हा माझा धंदाच. ते शांतपणे म्हणाले, "थे मीठ नाई चालत. पण समुद्र म्हंजे तरी का आहे दादा, मोजून टाकलेलं मीठच ना!"

आणि त्या माणसाने मोजलं हो! नालवाडीपासून बोरगाव मेघेपर्यंत जितके म्हणून पाण्याचे कॅन विकणारे आहेत, त्या सगळ्यांकडे पाण्यातले क्षार मोजणारं पेनाएवढं एक यंत्र घेऊन गेले. ग्लासभर पाणी मागायचं, त्यात यंत्र बुडवायचं, आकडा बघायचा आणि काही न बोलता निघून यायचं. दोन दिवसांत बोभाटा झाला की कोणी मोठा साहेब तपासणीला फिरून राह्यला. एकाने तर घाईघाईने आपली टाकी धुऊन घेतली. मी म्हटलं, दिनकरराव, नालवाडीच्या लोकांना तुमच्यामुळे चांगलं पाणी मिळालं, तुमच्या मासोळ्यांचं काय ते नंतर पाहू.

नवं प्रवाळ आणलं की त्या घरात जे चालायचं ते एकदा मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ तोडणं गुन्हा, म्हणून परदेशात टाक्यांमध्ये वाढवलेलेच तुकडे ते मागवत, तेही कागदपत्रं हातात पडल्यावर. पार्सल आलं. मला वाटलं, पिशवी फोडायची, पाण्यात सोडायचं, पाच मिनिटांचं काम. छे! आधी हॉलचे दिवे मंद केले. पिशवी तशीच बंद टाकीत तरंगत ठेवली, आतलं पाणी टाकीइतकं गरम व्हावं म्हणून. मग प्रवाळ बादलीत घेतलं आणि बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी त्यात थेंब थेंब सोडलं. मग औषधाच्या पाण्यात बुचकळून त्याच्यावरचे किडे झाडले. पिशवीतलं पाणी मोरीत. इतकं झाल्यावर ते प्रवाळ टाकीत गेलं, तेही तळाला, दिव्यापासून लांब, दुसऱ्या प्रवाळापासून चार बोटं सोडून, कारण शेजारी शेजारी ठेवलं तर ही जनावरं एकमेकांना डसतात. माझा चहा दोनदा थंड झाला होता. मी वैतागून म्हटलं, "अहो, वर ठेवा ना उजेडात, दिसेल तरी!" ते म्हणाले, "नव्या सुनेले आल्या आल्या चाळीस माणसाच्या सयपाकाले लावता का दादा? बसू द्या तिले. पंधरा दिवसांनी उलिसं वर, मंग आणखी उलिसं." सकाळी पाहतो तर ते प्रवाळ मुठीसारखं मिटलेलं. मी म्हटलं, गेलं! तर म्हणाले, "गेलं नाई. भेलं आहे. आपण हात लावला तं मंग जाईन."

ही चिकाटी शोभाला मात्र फार महाग पडली. आमच्याकडचा मे महिना, दिवसभर कूलर नि पंखा, टाकीतलं पाणी रोज दोन बोटं उडून जायचं. दिनकरराव रोज तेवढं साधं पाणी घालायचे. एकदा ते लग्नाला हिंगणघाटला गेले आणि दोन दिवस अडकले. पाणी खाली गेलेलं शोभाने पाहिलं. बिचारीने विचार केला, समुद्राचं पाणी आटलं तर समुद्राचंच पाणी घालायला पाहिजे. त्यांच्या त्या खास मिठाच्या डब्यातून मीठ काढलं, बादलीत विरघळवलं आणि दोन्ही दिवस मनोभावे ओतलं. जवाईबापू आले तोवर पेटीतली सगळी प्रवाळं मिटून गेली होती. मी तिथेच होतो, मला वाटलं आता भडका उडणार. ते खाली बसले, पाणी मोजलं, आणि म्हणाले, "पाणी उडते शोभा, मीठ नाई उडत. माहंच चुकलं, मी तुले सांगतलंच नव्हतं." मग दोन दिवस तांब्या तांब्या खारं पाणी काढायचे नि तांब्या तांब्या साधं पाणी घालायचे. एकदम नाही, सावकाश. सगळं वाचलं, एक प्रवाळ तेवढं गेलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, पण शोभाने मनाला लावून घेतलं. "म्या आता त्या पेटीले हात नाई लावत," म्हणाली, आणि नऊ वर्षं खरंच लावला नाही. वर टोमणे चालूच. लाइट गेली की इन्व्हर्टरवर घरातला पंखा नाही, टाकीचा पंखा फिरायचा. ही पदराने वारा घेत म्हणायची, "मले घाम आला तं चालते बाप्पा, त्यायले नाई आला पाह्यजे!"

म्हणून त्या दिवशी ती फोनवर "साधंच पाणी" म्हणाली, त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. नऊ वर्षं ती बघत होती. हात न लावता सगळं शिकली होती.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला होता. "दादा, पाव्हणे आले. दोन आहेत. लय लांबून आले, थकले. पाहाले येता का?" मी म्हटलं, रविवारी येतो, काय घाई आहे... माझ्या बोरगाव मेघेच्या घराहून नालवाडी ती किती लांब! दहा मिनिटांत गेलो असतो. नाही गेलो. हे मला आता जन्मभर खात राहणार.

त्या दोन पाहुण्यांना, म्हणजे नव्या प्रवाळांना, घरात येऊन एक रात्र झाली होती आणि घर माणसांनी भरलं. पुण्याहून पल्लवी, त्यांची लेक, आली. हॉलमध्ये बुद्धमूर्तीशेजारी दिनकररावांचा फोटो ठेवला, मेणबत्त्या लागल्या, अगरबत्त्यांचे पुडेच्या पुडे फुटले. येणारा प्रत्येक जण पाच काड्या लावून हात जोडायचा. टाकीला हवेचा पंप आहे, तो हॉलमधली हवा ओढून पाण्यात सोडतो. म्हणजे धूरही पाण्यात. माझ्या हे ध्यानीमनी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शोभा उठली, टाकीसमोर गेली आणि बघत राहिली. नवी सोडा, जुनी प्रवाळंसुद्धा मिटली होती. ती वळली आणि जळत्या काड्यांचं भांडंच उचललं. आमचे नामदेवकाका, वय ऐंशीच्या पुढे, एकदम ओरडले, "अवं बाई, काऊन इझवून राह्यली? नवऱ्याच्या फोटोसमोर अगरबत्ती नाई?" शोभाचा आवाज चढला नाही. "इझवत नाई काका. त्यायच्या नावानं लावता ना? मंग त्यायले चालन अशी लावा. अंगणात." फोटो, मेणबत्त्या, सगळं तिने अंगणात नेलं. पाचव्या दिवशी भंतेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, तेही अंगणातच, मांडवाखाली. काका रुसून जेवले नाहीत. जेवले नाहीत तर नाहीत! मला त्या दिवशी माझ्या बहिणीचा असा अभिमान वाटला की काय सांगू.

त्या दोघांतलं एक आठवडाभरात गेलंच. दुसरं तळाशी मुठीसारखं मिटून पडलं होतं. इकडे पल्लवीने ठरवलं, आईला पुण्याला न्यायचं, घराला कुलूप लावायचं. बरोबरच होतं तिचं, एकट्या बाईने इथे काय करायचं? मग टाकीचं काय? मीच पुढाकार घेतला. नागपूरचा असाच एक हौशी माणूस शोधला, तो सगळं न्यायला तयार झाला. शोभा "हो" म्हणाली. मागच्या रविवारी तो गाडी, टब, पिशव्या असा सगळा सरंजाम घेऊन आला. चांगला माणूस. टाकीत डोकावून म्हणाला, "बहोत बढिया ठेवलं आहे हो! अन् हे खालचं तं मस्त खुललं आहे." आम्ही वाकून पाहिलं. तळाच्या कोपऱ्यातली ती मूठ सुटली होती. हिरवट, बोटाएवढ्या नळ्या पाण्यात हलत होत्या. त्याने बाही वर केली. शोभा म्हणाली, "थांबा भाऊ." सगळे थांबलो. "आत्ता कुठं बसलं आहे थे. आता हालवलं तं जाईन." पल्लवी म्हणाली, "आई, मग कधी न्यायचं?" शोभा म्हणाली, "मले का मालूम? पंधरा दिवसांनी उलिसं वर घ्याचं आहे त्याले. मंग पाहू." पल्लवीने आईकडे पाहिलं, मग टाकीकडे, आणि तिला हुंदकाच फुटला. पुण्याच्या तिकिटाचं नाव मग कोणी काढलं नाही. माझी मात्र पंचाईत! नागपूरहून बोलावलेल्या माणसाला काय तोंड दाखवू? पण तो शहाणा निघाला. रिकामे टब गाडीत ठेवले, चहा घेतला आणि पाणी कसं तपासायचं ते तासभर शोभाला दाखवून गेला.

काल संध्याकाळी पुन्हा गेलो. हॉलमध्ये टाकीचा निळा दिवा तेवढा लागला होता. दिनकरराव टाकीसमोर उभे राहिले की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. काचेची भांडी मांडलेल्या टेबलापाशी हात सैल सोडायचे नाहीत, ही प्रयोगशाळेतली सवय. शोभा तशीच उभी होती. मी जवळ गेलो, त्या हिरव्या नळ्या हलताना पाहिल्या, आणि राहवलं नाही, काचेवर बोट टेकवायला गेलो. तिने मान वळवली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, हात मांगं घे."