चकची आंघोळ

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि आमच्या लेथवरून वाडगा उडवणाराही मी पहिलाच.

बाबा विदर्भातून पुण्यात आले आणि स्वारगेटजवळच्या एका गाळ्यात लाकडी वाडगे कातू लागले. लेथवर लाकूड पकडून ठेवतो तो चक, म्हणजे चार जबड्यांचा लोखंडी पंजा. तो जुन्या बाजारातून निवडायला बाबांनी चार रविवार घालवले. (माझं कॉलेज अर्ध्या तासात निवडलं!)

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही, अशी रीत. आदल्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, चक मी साफ करतो."

"कर. पन नुसता ब्रश मार. तेल नको लावू, भुसा चिकटते."

मी तेव्हा मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला होतो. नुसत्या ब्रशनं माझं समाधान कसं होणार? मी चारही जबडे काढून डिझेलनं घासले. त्यांच्यावर लाल टिपके होते. गेल्या वर्षीचं कुंकू! तेही खरवडलं. मग जबडे जसे हाताला आले तसे परत बसवले.

पूजेला बाबा कौतुकानं म्हणाले, "पोट्ट्यानं काय चमकवला!" ते कौतुक मला अजून टोचतं.

दसऱ्यानंतर कोथरूडच्या एक आजी आपला वाडगा न्यायला आल्या. त्यांचा बंगला बिल्डरकडे गेला, अंगणातला फणस पाडला. त्यातला एकच ओंडका न तडकता उरला होता. त्याचा वाडगा बाबांनी बाहेरून कातून ठेवला होता. आतून कोरायचा बाकी होता. बाबा चहा सांगायला गेले आणि मला वाटलं, तेवढ्यात आपण वाडगा चढवून ठेवावा!

तीन जबड्यांनी लाकूड पकडलं. चौथा बोटभर लांबच राहिला.

"तो चौथा रुसलाय का रे?" आजींनी विचारलं.

"नाही आजी, बसेल." मी चावी अजून आवळली. बटण दाबलं.

वाडगा एकदा डुलला, दोनदा डुलला आणि सुटला! भिंतीवर आदळून चहा घेऊन आलेल्या बाबांच्या पायाशी पडला. दोन तुकडे.

"मी स्वतः न्यायला आले होते," आजी म्हणाल्या. "पाठवायची एवढी घाई नव्हती."

मग त्यांनी दोन्ही तुकडे उचलून पदरानं पुसले.

बाबांनी चककडे पाहिलं. "टिपके कुठं गेले?"

"ते... गेल्या वर्षीचं कुंकू ना? घासून काढलं."

"अबे, कुंकू कोनी एक, दोन, तीन, चार असं मोजून लावते का? रंग होता तो! जबड्यांचे नंबर होते. क्रम चुकला का चक नीट धरत नाही."

त्या दुपारी बाबांनी मोठ्या तुकड्यातून एक छोटा करंडा कातला. आख्खा फणस मुठीत मावला. आजींनी तो माझ्यासमोर धरला. "यात घालीन ना, त्याला कुंकू म्हणतात. बघून ठेव."

बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू आता बाराही महिने खंडेनवमी पाळ."

परवा कॉलेजात लेथचं प्रॅक्टिकल होतं. सर म्हणाले, "अरे, लांब का उभा? चकला हात लाव!"

मी हात मागे बांधून खरं तेच सांगितलं, "सर, आमच्यात चालत नाही."