धक्क्यावरची फियाट

बोरगाव मेघेत वासुदेवरावांच्या घराचा पत्ता विचारला तर लोक घर सांगत नसत, उतार सांगत. फियाट कायम त्या उतारावर उभी, कारण सपाट जागेवर ती सुरू होत नसे. उतारावरही होत नसे, पण तिथं ढकलणाऱ्यांना निदान आशा वाटायची.

वासुदेवराव भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या शेतांच्या धुऱ्यांची, बांधांची भांडणं मिटवली. स्वतःच्या घरातलं एक मात्र तेवीस वर्षं मिटलं नाही. ते असं. बायकोच्या, म्हणजे कोकिळाबाईंच्या, मामेबहिणीचं, मोहिनीचं, पुलगावला लग्न होतं. गाडी सुरू होईना, म्हणून कोकिळाबाईंनी शालू खोचून धक्का मारला. शेजारचे महादेवरावही आले. इंजिन एकदाचं लागलं. आता वासुदेवरावांचा कायदा असा, की लागलेलं इंजिन थांबवायचं नाही, ढकलणाऱ्यानं पळत येऊन बसायचं. महादेवराव पळाले आणि बसले. शालूतल्या कोकिळाबाई राहिल्या. त्या एसटीनं पुलगावला पोचल्या तोवर लग्न लागून गेलं होतं, आणि पहिल्या पंगतीत त्यांचा नवरा बुंदी खात होता. शेजारी महादेवराव, ज्यांना पत्रिकाही नव्हती.

त्या दिवसापासून कोकिळाबाई फियाटमध्ये बसल्या नाहीत. बाजार, दवाखाना, माहेर, सगळं ऑटोनं.

यंदा मोहिनीच्या पोरीचं, अंकिताचं, लग्न निघालं. तेही पुलगावलाच. वासुदेवरावांनी मनात ठरवून टाकलं, की या लग्नाला कोकिळा जाईल तर फियाटमधूनच. गाडी टेम्पोवर चढवली आणि जाम गावी अश्वजित मेकॅनिककडे नेली. अश्वजित पुण्यात जुन्या गाड्या नव्या करायच्या कारखान्यात आठ वर्षं राहून आलेला. त्यानं पायाखालची चटई उचलली, तर खाली थेट रस्त्यावरची गिट्टी दिसली.

"काकाजी," तो म्हणाला, "तुमचे पाय आजवर गाडीतच राह्यले, हेच खूप हाये."

सात महिने लागले. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन खोलून बांधलं, वायरिंग झाडून सारं बदललं. मूळचा क्रीम रंग कुठला हे कळेना, तेव्हा अश्वजितनं डॅशबोर्डच्या कप्प्यात, जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथला रंग पाहून तसाच बनवला. वासुदेवराव दर रविवारी जाऊन त्याच्या कामात अडथळा आणत. गाडी देताना त्यानं त्यांच्याकडून दहा वेळा ती सुरू करून घेतली आणि बजावलं, "आता धक्का नाई. फक्त सेल्फ मारजा." वासुदेवरावांनी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी उतारावरच होती. फियाटमधून येण्याबद्दल कोकिळाबाई "पाहू" म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्याकडचं "पाहू" म्हणजे साधंसुधं नव्हे. त्या शालू नेसून खाली आल्या. वासुदेवराव स्टिअरिंगशी बसलेच होते. मागे डिकीला महादेवराव आणि आणखी तिघं हात लावून उभे; कुणी बोलावलं नव्हतं, पण गाडी निघतेय म्हटल्यावर घरात बसवेना. त्यांना पाहून कोकिळाबाईंचे पायही दाराकडे न जाता मागे गेले. हात डिकीवर टेकले.

सेल्फ मारताच इंजिन लागलं आणि गाडी सुटली. महादेवराव छातीवर पडले, दोघं त्यांच्यावर. विजेचा खांब हाताशी आला म्हणून कोकिळाबाई तेवढ्या पडल्या नाहीत. वासुदेवरावांना आरशात हे सगळं दिसलं, पण पाय ब्रेकवर जाईना. इंजिन लागलं होतं ना! चौकापर्यंत गेल्यावर त्यांना आठवलं, की ही गाडी आता थांबवता येते.

ते परत आले. कोकिळाबाई तिथंच, खांबापाशी.

"बस न," ते हळूच म्हणाले.

"आधी बंद करा."

"चालू हाये तं राहू दे न."

"बंद करा म्हणते मी."

एखाद्याचा ऑक्सिजन काढावा तशी त्यांनी किल्ली फिरवली. महादेवराव पुन्हा डिकीकडे सरकले. कोकिळाबाईंनी नुसतं पाहिलं, ते मागे झाले.

"आता करा सुरू."

झाली.

"आनखी एकदा."

असं चार वेळा झालं. मग कोकिळाबाईंनी दार उघडलं आणि नवऱ्याशेजारी बसल्या. मागच्या सीटवर महादेवराव केव्हा बसले, ते कुणालाच कळलं नाही.

पुलगावात मांडवाच्या दारी कोकिळाबाई उतरल्या आणि अक्षता घेऊन थेट पुढच्या रांगेत गेल्या. वासुदेवराव गाडी लावून येतो म्हणाले. आले ते पाऊण तासानं, घामाघूम होऊन. पुलगावात म्हणे कुठं धड उतारच सापडेना.

तोवर लग्न लागलं होतं. पहिल्या पंगतीत कोकिळाबाई बुंदी खात होत्या. शेजारी महादेवराव.