शेजारचे काका

अख्ख्या सिंगापुरात हवेविषयी बोलण्यासारखं काही असतं असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या मित्राचे सासरे. बारा महिने तोच उकाडा, तोच दुपारचा पाऊस, पण काका लिफ्टमध्ये शिरले की अनोळखी माणसालाही सांगणार, "आज जरा बरं आहे, नाही?" तो दचकून मोबाईलमध्ये तोंड खुपसायचा आणि शरमेने मान खाली घालायची ती काकांच्या मुलीने.

काकांचा जन्म जहाजाच्या इंजिनाशी झटण्यात गेला. निवृत्तीनंतर काकूंच्या नर्सच्या नोकरीमुळे ते इंग्लंडमधल्या एका एवढ्याशा खेड्यात राहिले. एक चर्च, एक पब, एक पोस्ट, बाकी सगळ्या मेंढ्या. काकू गेल्या, आणि सार्सची साथ ओसरल्यावर मुलीने त्यांना इथे सिंगापुरात, चोआ चू कांग वस्तीत, आमच्याच मजल्यावर आणलं. येताना त्यांनी ते खेडंही बरोबर आणलं. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर "आधी तुम्ही" म्हणत म्हणत ते रांगेत शेवटी जायचे आणि नूडल्स संपल्या की समाधानाने परतायचे. एकदा शेजारच्या चिनी आंटींच्या दारातलं संत्र्याचं झाड त्यांनी शेजारधर्म म्हणून परस्पर छाटलं. चिनी नववर्षासाठी, भरभराटीचं म्हणून आणलेलं झाड! काका हातात कात्री घेऊन अभिमानाने उभे, आंटींचा आरडाओरडा चाललेला, आणि मुलगी सॉरी म्हणून म्हणून रडकुंडीला आलेली.

पण आंटी मोठ्या मनाच्या. दोनच दिवसांनी त्यांनी काकांना नववर्षाच्या जेवणाला बोलावलं. काकांनी इतकं लांबलचक आणि इतकं नम्र इंग्रजी झाडलं की ते नाही म्हणताहेत हे कळायलाच आंटींना वेळ लागला.

त्या संध्याकाळी काका मुलीसह आमच्याकडे चहाला आले होते. मेंढ्या रस्ता ओलांडताना मोटारी कशा मुकाट थांबतात, हे रंगात येऊन सांगत होते. माझ्या लेकीने, रेवाने, मध्येच विचारलं, "आजोबा, त्या लोकांच्या घरात काय काय असतं?"

काकांनी कप खाली ठेवला. कान लाल झाले.

"मी पाहिलं नाही गं," ते म्हणाले. "शेजारची म्हातारी दर नाताळात बोलवायची. आमची ही म्हणायची, जाऊ या. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही, काटे-चमचे धरता यायचे नाहीत. वाटायचं, हसतील. शेवटी म्हातारीने बोलवणं सोडलं. तिच्या घरात पहिल्यांदा गेलो ते ती वारल्यावर. तिच्या मुलाने विचारलं, आपण कोण? म्हटलं, शेजारचा. तर म्हणतो, कुठल्या बाजूचा?"

कपातला चहा निवून गेला होता. मुलगी वडिलांकडे बघत राहिली. हे तिलाही नवीन होतं. "आणि इथेही मी तेच केलं," काका पुटपुटले.

रेवाला एवढं अवघड वाटलं नाही. "सो ईझी, आजोबा. जस्ट से कॅन लाह!" इथल्या बोलीत हो म्हणायला एवढं पुरतं.

काका उठले. शर्टाची कॉलर सारखी केली आणि बाहेर गेले. पॅसेजमधून आधी खाकरल्याचा आवाज आला, मग लोखंडी जाळीवर टकटक, आणि मग परीक्षेला बसलेल्या पोरासारखा कापरा आवाज, "आंटी... कॅन." जाळी कुरकुरत सरकली. आंटींचं हसणं आमच्यापर्यंत ऐकू आलं.

मी काकांच्या मुलीकडे पाहिलं. तिने डोळे पुसले.

"आई असायला हवी होती," ती म्हणाली.