नुसती तार

“तू मधी पडू नगंस, बना. आवाज गेलेल्या माणसाला घिऊन गोंधळ कसा घालायचा, तेवढं सांग!” रखमाजीनं पागोटं गुंडाळता गुंडाळता विचारलं.

“आवाज गेलाय. हात न्हाई गेलं त्येंचं,” बनाबाई चुलीपुढून म्हणाली.

“नुसत्या हातांचं काय करू? तुणतुणं धरतो त्येनंच मागं झील ओढायची, ही आपल्या घरची रीत. म्या पद म्हणायचं आन् मागं चिडीचूप? त्ये तुणतुणं सावळारामाला द्या.”

सावळाराम रखमाजीचा मेव्हणा. आपल्या भावाचं नाव निघताच रखमाजीची बायको आक्काबाई भाकरी थापता थापता हसली.

ज्यासाठी हे चाललं होतं तो ज्ञानू, रखमाजीचा धाकटा भाऊ आणि बनाबाईचा नवरा, जोत्यावर तुणतुणं मांडीत घेऊन बसला होता. श्रावणात गळा सुजला, सूज उतरली, पण आवाज परत आला नाही. त्यानं बोलायला तोंड उघडलं, नुसता वारा आला.

“लोहाराचा भाता बरा,” आक्काबाई म्हणाली.

त्या दिवशी नसरापूरच्या डॉक्टरांकडून, त्यांच्या किकवीच्या घरी व्हायच्या लग्नाच्या गोंधळाचा शिधा आणायचा होता. दोघे भाऊ निघाले, ओझ्याला बनाबाई. तुणतुण्यावाचून ज्ञानू कुठंच जात नसे, ते बगलेत होतंच.

डॉक्टरांचा मुलगा विलायतेहून शिकून आला होता. ओसरीवर त्याचा तबकड्या वाजवायचा फोनो होता. ज्ञानूच्या बगलेकडे बघून तो म्हणाला, “बसा जरा. तुमच्या कामाची तबकडी लावतो.”

तार छेडल्याचा आवाज आला. मग दुसरा. तिघं गाण्याची वाट बघत बसली.

“जुळवतोय अजून,” रखमाजी जाणकारीनं म्हणाला. जरा वेळानं चुळबुळला. “झाली की जुळवून! पद कवा म्हणायचा ह्यो बाबा?”

तबकडी संपली.

“गाणारा आलाच न्हाई व्हय?”

मुलगा हसला नाही. “गाणारा नाहीच. एकटा माणूस आणि हे वाद्य. ल्यूट म्हणतात त्याला. शेकडो वर्षांचं आहे. मधे ते वाजवणारं कुणी फारसं उरलंच नव्हतं. आता लोक पुन्हा शिकलेत.” त्यानं तबकडी उलटली. “आणि हे आत्ताच्या माणसानं रचलंय, त्याच जुन्या वाद्यासाठी.”

ही बाजू खडबडीत होती, मधेच अडून पुन्हा उसळणारी. ती संपली तसं ज्ञानूनं हातानं खूण केली : पहिली, परत.

मघाशी बनाबाई गाण्याची वाट बघत ऐकत होती. आता वाट बघायची नव्हती. वरची तार काही विचारायची, खालची जाड तार सावकाश उत्तर द्यायची, आणि उत्तर संपायच्या आत वरची पुढं निघालेली असायची. पद म्हणणारा तोच, झील देणाराही तोच, आणि तोंड मात्र कुणीच उघडलेलं नाही. हातातल्या सुपातला शिध्याचा तांदूळ तिला जड लागेना. समुद्रापलीकडचा कुणी माणूस, त्याच्या बोटाचं नख तारेवर घासलेलंही तिला हितं ऐकू येत होतं. बघते तर रखमाजीनं लोंबते पाय वर घेतले होते आणि गोंधळात मांडलेल्या देवीच्या चौकापुढं बसतो तशी मांडी घातली होती.

परतताना ओढ्यापाशी ओझी उतरवली तेव्हा रखमाजी एकदम म्हणाला, “ज्ञानू, वाजीव.”

ज्ञानूनं भुवया उडवल्या. कुठलं पद?

“पद न्हाई. नुसतं वाजीव.”

एकच तार. त्या विलायती वाद्यापुढं अगदी गरीब. पण ज्ञानू कधी तार छेडायची काडी हलकी टेकवायचा, कधी ठोक द्यायचा, खुंटी जराशी पिळून सूर चढवायचा आणि पुन्हा खाली आणून सोडायचा. बनाबाईनं हे घरात रोज ऐकलं होतं. रखमाजीनं आजवर त्यावर फक्त गायलं होतं. तो दगडावर बसून भावाच्या हातांकडं बघत राहिला.

“ह्ये रोजच असं वाजवतोस?”

ज्ञानूनं मान डोलावली.

“आन् म्या वरनं बोंबलतो,” रखमाजी म्हणाला, आणि उठून ओझं डोक्यावर घेतलं.

घरी सावळाराम येऊन, चहा पिऊन, तुणतुण्याची वाट बघत बसला होता. रखमाजीनं पाय धुतले, उंबरा ओलांडला आणि कुणाकडंच न बघता सांगितलं :

“किकवीच्या गोंधळाला तुणतुणं ज्ञानूच वाजवंल. सावळाराम मोकळ्या हातानं झील ओढंल. आन् पहिल्या पदाआधी ज्ञानू एकटा वाजवंल, तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई. मीबी न्हाई.”