पाटावरची पानं

आई वारली त्याच्या चौदाव्या दिवशी मी खंडाळ्याला शास्त्रीबुवांच्या बंगल्यावर गेले. लिहून झालेली पानं द्यायची होती. डोकं जाग्यावर नव्हतं. मी पानं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला. पानं फरशीवर पडली.

"पाटावर ठेव," बुवा म्हणाले. "सात वर्षं झाली. अजून सांगावं लागतं?"

शेजारी त्यांचा पुण्याचा शिष्य बसला होता. त्यानं पानं गोळा केली आणि बुवांच्या हातात दिली. त्यांनी घेतली.

एवढंच झालं.

बुवांची नजर अधू. ते ग्रंथावरचं भाष्य सांगायचे, मी लिहायचे, पानं घरी नेऊन तपासायचे. माझं अक्षर चांगलं, म्हणून लोणावळ्याच्या वाचनालयातल्या बाईंनी मला तिथे पाठवलं होतं. पानं पाटावर ठेवायची. बुवा पाटाभोवती पाणी फिरवणार, मग उचलणार. मला वाटायचं, हा ग्रंथाचा मान. टाकव्याच्या वरच्या ठाकरवाडीतली मी. ग्रंथाचा मान कसा राखतात, हे आमच्यात कुणाला माहीत होतं? मी घरीही एक पाट आणला.

शिष्य फाटकापर्यंत आला. भला मुलगा. म्हणाला, "ताई, माणसाकडे बघू नका, ग्रंथाकडे बघा. कमळ घ्यावं, चिखल सोडावा."

"यात चिखल कोण?" मी विचारलं.

त्यानं फाटक उघडून धरलं.

ग्रंथाकडेच बघत होते मी. आईच्या आजारपणात तिला रोज वाचून दाखवत होते. 'ज्याला सगळ्यांत एकच दिसला, त्याला विटाळ कुणाचा होणार?' हे बुवांचं वाक्य. आई म्हणाली, "परत वाच." मी वाचलं. मग तिनं हात पुढे केला. "तुजं अक्षर बगू दी."

तिला वाचता येत नव्हतं. नुसतं बोट फिरवायचं होतं.

मी म्हणाले, "हात नको लावूस. धुतलेला नाही."

तिनं हात गोधडीत घेतला. पुन्हा मागितलं नाही.

खंडाळ्याहून आले त्या संध्याकाळी मी मावशीला सगळं सांगितलं. मावशी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुज्या आयला पयल्या दिसापासनं ठावं व्हतं. तुज्या जल्माआदी त्याच बंगल्याच्या परसात भांडी घासायची ती. तिला कळंना व्हय? मला म्हनली, पोरीला सांगू नगं, लिवायचं सोडंल."

म्हणजे आईनं हात मागे घेतला तेव्हा तिला सगळं कळत होतं. बुवा माझ्याशी जे करत होते, तेच मी तिच्याशी केलं. त्यांच्याच वाक्यावर हात ठेवून.

ते वाक्य खोटं आहे, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. सगळं भाष्य चुलीत घातलं असतं. पण रात्रंदिवस उलटून पाहिलं, वाक्य खरं आहे. लिहिणारा त्याला पुरा पडला नाही. मीही नाही. बुवांना विद्वान म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण त्यांचं जगणं बाजूला ठेवून वाचा, असं मला कुणी सांगू नये. ते बाजूला ठेवलं, की त्याच्याबरोबर आईचा हातही बाजूला पडतो.

शेवटचा अध्याय माझ्याकडेच आहे. दुसरी प्रत नाही. बुवांचे दोन निरोप आले. मग शिष्याचा फोन आला. "ताई, पानांचे फोटो तरी पाठवा."

"फोटो नाही," मी म्हणाले. "बुवांना म्हणावं, हात पुढे करा. मी हातात देईन. नाही केला, तर अध्याय छापायचा नाही."

"ते ऐकायचे नाहीत."

"मग राहू दे."

पाट मी फोडला. त्यावर दोन दिवस चहा झाला. त्या अध्यायाची एकसष्ट पानं आईच्या गोधडीवर उघडी आहेत. मावशी येता-जाता त्यांना हात लावते.

बुवांनी अजून हात पुढे केलेला नाही.